बलात्कारानंतर दवाखाना, पोलीस ठाणे आणि मनोधैर्य योजनेचा अर्ज: मराठवाड्यातल्या घरांसाठी माहिती

गावात असं काही घडलं की पहिली बैठक बऱ्याचदा पोलीस ठाण्याऐवजी कुणाच्या तरी ओट्यावर बसते. मुलगी आत घरात, आणि बाहेर चार जाणती माणसं ‘आपसात मिटवून टाका’ म्हणत असतात. म्हणून आधी तेच सांगतो. बलात्कार हा आपसात मिटवता येण्याजोग्या गुन्ह्यांच्या यादीत नाही. बाँडवर लिहून घेतलं, चार साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, तरी त्या कागदाने गुन्हा पुसला जात नाही. ‘त्याच्याशीच लग्न लावून द्या’ हा तोडगा तर न्यायालयानेसुद्धा सुचवू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2021 मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. जे न्यायाधीशाने सुचवायचं नाही, ते भावकीने ठरवायचा प्रश्नच येत नाही.

कायदा संमती कशाला म्हणतो

1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. बलात्काराची व्याख्या तिच्या कलम 63 मध्ये आणि शिक्षा कलम 64 मध्ये आहे: कमीत कमी दहा वर्षं सक्तमजुरी, जास्तीत जास्त जन्मठेप. मुलगी सोळा वर्षांखालची असेल तर किमान वीस वर्षं. सामूहिक बलात्कारासाठी कलम 70. व्याख्या पूर्वीइतकी अरुंद राहिलेली नाही. 2013 च्या दुरुस्तीपासून बोटाने, वस्तूने किंवा तोंडाने केलेली जबरदस्तीही बलात्कारातच मोडते. त्यामुळे ‘तसं काही पूर्ण झालंच नाही’ असं म्हणून कुणी परत पाठवत असेल, तर तो जुना कायदा सांगतो आहे.

संमती म्हणजे त्या वेळी, त्या कृतीसाठी, बाईने स्वतःच्या मर्जीने शब्दांनी, खुणेने किंवा वागण्यातून दिलेला निःसंदिग्ध होकार. काल हो म्हटलं म्हणून आज हो धरता येत नाही. एका गोष्टीला होकार दिला म्हणून दुसऱ्या गोष्टीला तो लागू होत नाही. तिला किंवा तिच्या माणसांना मारायची भीती घालून मिळवलेला होकार, दारू किंवा गुंगीचं औषध पाजून मिळवलेला होकार कायद्याच्या लेखी होकार नाहीच. आणि सगळ्यात महत्त्वाचं वाक्य त्याच कलमात आहे: बाईने अंगाने प्रतिकार केला नाही, एवढ्याच कारणावरून तिची संमती होती असं मानता येणार नाही.

हे वाक्य कायद्यात सहज आलेलं नाही. 1972 साली आपल्याच राज्यात, विदर्भातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, अशी कारणं देत सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये आरोपींना सोडून दिलं. देशभर बायका रस्त्यावर उतरल्या आणि 1983 मध्ये कायदा बदलावा लागला. तरीही ‘ओरडली का नाही?’ हा प्रश्न आपल्या गावांतून अजून गेलेला नाही.

अठरा वर्षांखालच्या मुलीचा होकार कायदा मोजतच नाही. तिथे पोक्सो, म्हणजे लहान मुलांच्या लैंगिक अत्याचारापासून संरक्षणाचा 2012 चा कायदा लागतो, आणि तो मुलग्यांनाही तितकाच लागू आहे. मराठवाड्यात हे नीट ऐकायला हवं, कारण आपल्याकडे मुलींची लग्नं अजूनही लवकर लावली जातात. पत्नी अठराच्या आतली असेल तर लग्न हा बचाव होत नाही. सज्ञान पत्नीच्या बाबतीत मात्र कायद्याने नवऱ्याला बलात्काराच्या कलमातून सूट दिलेली आहे. मला ती सूट मान्य नाही, पण आजची स्थिती हीच आहे. अशा बाईसाठी कौटुंबिक हिंसाचाराचा 2005 चा कायदा आहे. त्यात लैंगिक छळ येतो, आणि अर्ज जिल्ह्यातल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे करता येतो.

ती अशी का वागते

जबाब घेणाऱ्याला आणि घरच्यांना सगळ्यात जास्त गोंधळात टाकणारी गोष्ट म्हणजे तिचं नंतरचं वागणं. जिवावरच्या भीतीत काही जणी ओरडतात, काही पळतात आणि पुष्कळजणी जागच्या जागी गोठून जातात. हातपाय हलत नाहीत, आवाज फुटत नाही. हे शरीर आपोआप करतं, ठरवून होत नाही. त्या वेळच्या आठवणीही सलग राहत नाहीत. दाराची कडी किंवा अंगाला आलेला डिझेलचा वास लख्ख आठवतो, पण आधी काय झालं आणि नंतर काय झालं याचा क्रम लागत नाही. म्हणून पहिल्या दिवशी एक आणि आठवड्याने थोडं वेगळं सांगितलं, तर ती खोटं बोलते असा अर्थ लगेच काढू नये.

कुणी दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी कापूस वेचायला जाते, कुणी चार दिवस उठत नाही. झोप उडणं, दचकणं, अंग पुन्हा पुन्हा धुणं, जेवण तुटणं, नवऱ्याचा किंवा आईचाही स्पर्श नकोसा होणं, हे महिनोन्महिने चालू शकतं. लहान लेकरू असेल तर अंथरूण ओलं करायला लागतं किंवा शाळेला जायचं नाव काढलं की पोट दुखतं म्हणतं. समुपदेशन लागतं, ते मिळतं. टेली-मानसचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. घरच्यांनी एकच पथ्य पाळावं: ‘तू तिकडे गेलीसच कशाला’ हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नये.

आधी दवाखाना

क्रम पुष्कळांना उलटा वाटतो: आधी पोलिसांचं पत्र, मग डॉक्टर. तसं नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 397 प्रमाणे सरकारी असो की खासगी, प्रत्येक दवाखान्याने अशा बाईवर ताबडतोब आणि मोफत उपचार करायचे असतात. नाकारले तर तो दवाखान्याचा गुन्हा ठरतो. दवाखाना पोलिसांना कळवतो. सज्ञान बाईला तक्रार द्यायची नसेल तर ते नोंदवून घेतलं जातं, पण उपचार त्यावाचून अडत नाहीत. उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालय, संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, नांदेड आणि लातूरची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, यांपैकी जे जवळ असेल तिथे थेट जा.

घाई दोन कारणांसाठी. एचआयव्ही टाळण्याची औषधं 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी. गर्भ राहू नये म्हणून द्यायची गोळीही पहिल्या तीन दिवसांत जास्त उपयोगी पडते. दुसरं कारण पुरावा. साधारण चार दिवसांपर्यंत नमुने घेतले जातात, पण प्रत्येक दिवसागणिक हाती लागणारं कमी होत जातं. शक्य असेल तर आधी अंघोळ करू नये, कपडे धुऊ नयेत. ते कपडे कागदी पिशवीत किंवा वर्तमानपत्रात गुंडाळून न्यावेत. प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरून नमुने खराब होतात. अंघोळ झाली असेल, चार दिवस उलटले असतील, तरीही जा. उपचार आणि नोंद दोन्ही तेव्हाही लागतातच.

तपासणी तिच्या संमतीनेच होते, आणि हा नुसता सहीचा भाग समजू नका. ती तपासणीच्या एखाद्या भागाला नाही म्हणू शकते. नाही म्हटलं म्हणून उपचार थांबवता येत नाहीत. बारा वर्षांखालच्या मुलीची संमती पालक देतात. ‘दोन बोटांची चाचणी’ कुणी करू लागलं तर तिथेच थांबवा. सर्वोच्च न्यायालयाने 31 ऑक्टोबर 2022 च्या निकालात ती करणाऱ्याला गैरवर्तनाबद्दल दोषी धरलं जाईल असं सांगितलं आहे. बाईला पूर्वी संबंध आले होते का, याचा संमतीशी काही संबंध नाही.

दिवस गेले असतील तर बलात्कारपीडितेला 24 आठवड्यांपर्यंत कायदेशीर गर्भपात करून घेता येतो. वीस आठवड्यांपुढे दोन डॉक्टरांचं मत लागतं. नवऱ्याची किंवा आरोपीच्या घरच्यांची परवानगी लागत नाही.

पोलीस ठाणे, आणि हद्दीचा प्रश्न

जबाब महिला पोलीस अधिकाऱ्याने किंवा अन्य महिला अधिकाऱ्याने लिहून घ्यायचा असतो. बाई अपंग असेल तर तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी, दुभाष्याच्या मदतीने. पोक्सोमध्ये अधिकारी गणवेशात नसावा आणि मुलाला रात्री ठाण्यात थांबवू नये. एफआयआरची प्रत मोफत मिळते. मागून घ्या, कारण पुढचा प्रत्येक अर्ज तिच्यावरच उभा राहतो. त्यानंतर न्यायाधीशासमोर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 183 खाली जबाब होतो; तो शक्यतो महिला न्यायाधीश नोंदवतात.

आता आपल्याकडचा खास पेच. बीड, परभणी, जालन्यातून दिवाळीच्या सुमाराला उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन ऊसतोडीला निघालेली कुटुंबं कोल्हापूर, सांगली किंवा कर्नाटकातल्या कारखान्यांवर सहा-सहा महिने पालात राहतात. फडात किंवा पालावर अत्याचार झाला तर मुकादम म्हणतो, हंगाम संपू द्या. गावी परतल्यावर ठाण्यात ऐकायला मिळतं, ‘घटना इथली नाही, तिकडे जा.’ हे चूक आहे. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे माहिती जिथे दिली तिथे नोंदवायची असते; यालाच झिरो एफआयआर म्हणतात. ती पुढे पाठवणं हे पोलिसांचं काम, तुमचं नव्हे. केजमधल्या बाईने कोल्हापूर जिल्ह्यात घडलेल्या गुन्ह्याची तक्रार केजमध्येच द्यावी. उशीर का झाला ते तक्रारीत सरळ लिहावं: पालात होतो, उचल अंगावर होती, मुकादमाची भीती होती. उशिराचं कारण पटण्याजोगं असेल तर नुसत्या उशिराने खटला पडत नाही.

ठाण्यात नोंदच घेत नसतील तर तक्रार लेखी करून पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवा, पावती जपा. त्यानेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. अशा गुन्ह्याची माहिती नोंदवायला नकार देणाऱ्या सरकारी नोकराला न्याय संहितेच्या कलम 199 खाली सहा महिने ते दोन वर्षं शिक्षा आहे. हे कलम ठाण्यात शांतपणे नाव घेऊन सांगितलं तरी पुष्कळदा रजिस्टर उघडतं. तपास दोन महिन्यांत पूर्ण करायचा असतो.

मुलीचं नाव, फोटो, गावातली ओळख पटेल असा तपशील छापणं किंवा व्हॉट्सॲपवर फिरवणं हा न्याय संहितेच्या कलम 72 प्रमाणे गुन्हा आहे. ‘न्याय द्या’ म्हणून तिच्या फोटोचा फ्लेक्स लावणारेही त्यातच येतात.

मनोधैर्य योजनेचा अर्ज

महाराष्ट्र सरकारने 2 ऑक्टोबर 2013 पासून ही योजना सुरू केली. बलात्कार, बालकांवरचे लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला यांतल्या पीडितांसाठी ती आहे. अर्थसाहाय्याची कमाल मर्यादा दहा लाख रुपये आहे. प्रत्येकाला तेवढे मिळतात असं नाही, दुखापत आणि परिणाम पाहून रक्कम ठरते. मंजूर रकमेचा मोठा भाग, साधारण 75 टक्के, बँकेत मुदत ठेवीत राहतो आणि उरलेला लगेच खर्चाला मिळतो. अज्ञान मुलीची ठेव तिच्याच नावावर असते. आरोपी सापडला नाही किंवा खटला अजून चालू आहे, म्हणून अर्ज अडवता येत नाही.

अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा. हे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. तालुक्याला तालुका विधी सेवा समिती असते. अर्ज स्वतः पीडिता, पालक किंवा मृत्यू झाला असल्यास वारस करू शकतात. सोबत एफआयआरची प्रत, वैद्यकीय अहवाल, न्यायाधीशासमोरच्या जबाबाची नोंद, आधार, रहिवासाचा पुरावा, फोटो, बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स आणि अज्ञान असल्यास वयाचा दाखला जोडायचा. एखादा कागद हाती नसला तरी अर्ज आधी देऊन टाका. पोलिसांकडचे कागद कार्यालय त्यांच्याकडून मागवून घेऊ शकतं. पासबुकावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळतं का, हे आधीच बघा. सासरचं-माहेरचं नाव वेगळं असलं की पैसे तिथेच अडकतात. आणि खातं तिच्या एकटीच्या नावावर उघडा. ते का, हे सांगायची गरज नसावी. गुन्हा कर्नाटकात घडला असेल तर तिथल्या भरपाई योजनेकडे अर्ज जावा लागू शकतो. तोही आपल्या जिल्ह्याच्या कार्यालयातूनच विचारून घ्या.

पीडिता अनुसूचित जाती-जमातीतली आणि आरोपी त्याबाहेरचा असेल तर ॲट्रॉसिटी कायद्याची कलमं एफआयआरमध्ये लागली आहेत का ते पहिल्याच दिवशी पाहा. तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे जातो. त्या कायद्याच्या नियमांप्रमाणे बलात्कारासाठी पाच लाख आणि सामूहिक बलात्कारासाठी सव्वाआठ लाख रुपये ठरलेले आहेत: निम्मे वैद्यकीय तपासणी आणि अहवालानंतर, पाव दोषारोपपत्र गेल्यावर, पाव खालच्या न्यायालयातला खटला संपल्यावर. हे काम समाजकल्याण कार्यालयाकडे असतं आणि जातीचा दाखला लागतो. दाखला नसेल तर तो काढण्याचं काम त्याच आठवड्यात सुरू करा.

वकिलाचा खर्च कुणालाच नको. बाईला, मग तिचं उत्पन्न कितीही असो, 1987 च्या विधी सेवा कायद्याने वकील मोफत मिळतो, क्रमांक 15100. जिल्ह्याच्या ठिकाणी सखी वन स्टॉप सेंटर आहे, तिथे काही दिवस राहण्याची सोय, समुपदेशन आणि पोलिसांशी बोलणारं माणूस मिळतं. 181 वर फोन केला तर पत्ता सांगतात. लेकरांसाठी 1098, आणि आत्ता या क्षणी धोका असेल तर 112. अर्ज नामंजूर झाला किंवा रक्कम फार कमी वाटली तर आदेशाची प्रत लेखी मागा, आणि ती घेऊन त्याच मोफत वकिलाला राज्य विधी सेवा प्राधिकरणाकडे दाद मागायला सांगा.