लाखभर टन लवंग आणि स्वयंपाकात चार कळ्या

लवंग पिकवण्यात इंडोनेशियाचा हात कोणी धरू शकत नाही. अलीकडे तिथे वर्षाकाठी लाखभर टनांच्या वर वाळलेली लवंग निघते, जगातल्या एकूण पिकाच्या निम्म्याहून कितीतरी जास्त. लोकसंख्या सत्तावीस-अठ्ठावीस कोटी. म्हणजे तान्ह्या बाळासकट दर माणशी साडेतीनशे ग्रॅमच्या वर, पाच जणांच्या घरात पावणेदोन किलो. एवढी लवंग खायची कुणी? गोडसर सोया सॉस घालून शिजवलेल्या 'समूर' या रश्श्यात चार कळ्या पडतात, गरम पेयांत दोन-तीन, बस्स.

त्यामुळे इंडोनेशियाच्या 'लवंगेचा अन्नपुरवठा' असं शीर्षक असलेला आलेख समोर आला की आधी तो आकडा कसा काढतात ते पाहावं लागतं. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना १९६१ पासूनचे अन्न-ताळेबंद देते. हिशोब घरखर्चाच्या वहीसारखाच आहे: देशातलं उत्पादन, त्यात आयात मिळवायची, निर्यात वजा करायची, गोदामातला साठा वाढला की घटला ते धरायचं, बियाणं, नासधूस आणि खाण्याखेरीजचे उपयोग काढून टाकायचे. शेवटी उरेल तो अन्नपुरवठा, आणि त्याला लोकसंख्येने भागलं की दरडोई. लोकांच्या पोटात खरोखर काय गेलं हे इथे कुणी मोजत नाही, वजाबाकीतून उरलेलंच अन्न ठरतं. या ताळेबंदात मसाल्यांपैकी मिरी, मिरचीवर्ग आणि लवंग यांनाच स्वतंत्र ओळ मिळते, हळद-आल्यापासून दालचिनीपर्यंतचे बाकी सगळे 'इतर मसाले' या एका रकान्यात. आणि लवंगेच्या ओळीत गडबड होते ती 'खाण्याखेरीजचे उपयोग' या खात्यात: सिगारेटीत गेलेली लवंग तिथे वजा झाली नाही, की ती अन्न म्हणून मोजली जाते.

लवंगेचं मूळ घर मालुकू बेटं: तेर्नाते, तिदोरे, मोती, माकियान, बाचान. कित्येक शतकं जगभरची लवंग याच चिमुकल्या ज्वालामुखी बेटांवरून जात होती. बेटांवरच्या स्वयंपाकात मात्र तिला फारसा मान नव्हता, ती विकायची वस्तू. पोर्तुगीज १५१२ मध्ये पोचले. मॅगेलनच्या मोहिमेतलं 'व्हिक्टोरिया' हे एकच जहाज १५२२ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून स्पेनला परतलं, तेही तिदोरेची लवंग भरून. मग आली डच ईस्ट इंडिया कंपनी. तिने १६०५ मध्ये अंबोन घेतलं आणि ठरवलं की लवंग अंबोन व आसपासच्या बेटांवरच पिकेल, बाकी ठिकाणची झाडं तोडायची. १६५२ मध्ये तेर्नातेच्या सुलतानाशी तसा करारच केला: झाडं तोडू द्यायची, बदल्यात दरसाल रक्कम. युद्धनौकांचे ताफे बेटाबेटांवर फिरून झाडं पाडत. भाव टिकवायला पीक मारायचं, ही युक्ती इंडोनेशियाच्या लवंगेच्या इतिहासात पुढे पुन्हा भेटते.

मक्तेदारी फोडली रोपांच्या चोरीने. पिएर प्वाव्र या फ्रेंच अधिकाऱ्याच्या खटपटीने १७७० च्या सुमारास रोपं मॉरिशसला गेली. तिथून पुढे एकोणिसाव्या शतकात झांझिबार आणि पेंबा ही पूर्व आफ्रिकेजवळची बेटं गुलामांच्या श्रमावर लवंगेची नवी राजधानी बनली.

आता मुख्य वळण, आणि ते स्वयंपाकघराबाहेरचं आहे. जावामधल्या कुदुस गावात १८८० च्या आसपास हाजी जमहारी नावाच्या माणसाने छातीच्या दुखण्यावर आराम पडावा म्हणून तंबाखूत लवंगेचे तुकडे मिसळले, असं सांगतात. ओढताना लवंग तडतडते, त्या 'क्रेतेक-क्रेतेक' आवाजावरून सिगारेटीचं नाव क्रेतेक पडलं. सुरुवातीला ती मक्याच्या पानात वळत. साधारण दोन भाग तंबाखू आणि एक भाग लवंग. लवंगेतल्या युजेनॉल या तेलकट द्रव्याने घसा जरा बधिर होतो, म्हणून धूर गुळगुळीत लागतो. (छातीच्या दुखण्यावर धूर, हे औषध आज कुठला डॉक्टर लिहून देईल!) विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नितिसेमितो या उद्योजकाने छापील वेष्टनातल्या क्रेतेकचा मोठा धंदा उभा केला. हाताने वळण्याच्या कारखान्यांत आजही बायका जोडीने बसतात: एक वळते, दुसरी कात्रीने टोकं साफ कापते.

या धंद्याची भूक इतकी वाढली की लवंगेच्या माहेरघराला लवंग विकत आणावी लागली. १९३० च्या दशकात झांझिबारची दोन मोठी गिऱ्हाइकं होती, डच ईस्ट इंडीज (म्हणजे आजचा इंडोनेशिया) आणि हिंदुस्थान. झांझिबारमधल्या नव्या कायद्यांनी तिथल्या भारतीय व्यापाऱ्यांची कोंडी झाली, तेव्हा १९३७ मध्ये काँग्रेसने झांझिबारच्या लवंगेवर बहिष्कार पुकारला होता. स्वातंत्र्यानंतरही इंडोनेशिया झांझिबार आणि मादागास्करकडून घेत राहिला. १९७० च्या दशकात यंत्राने वळलेली क्रेतेक आली, खप भराभर वाढला, आणि सरकारने लागवडीचा सपाटा लावला. लवंगेचं झाड फळाला यायला सहा-सात वर्षं घेतं. १९८० च्या दशकात ती सगळी झाडं एकदम पिकू लागली. आयात जवळपास थांबली, झांझिबारचं कंबरडं मोडलं, आणि खुद्द इंडोनेशियात भाव पडू लागले.

त्यावर उपाय म्हणून काढलेलं मंडळ रोगापेक्षा भयंकर निघालं. १९९० च्या सुमारास लवंग-खरेदीची मक्तेदारी राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांचे धाकटे चिरंजीव टॉमी यांच्या हाती गेली. शेतकऱ्याकडून ठरावीक भावाने घ्यायची, कारखान्यांना चढ्या भावाने विकायची, असा बेत. कारखान्यांकडे आधीचे साठे भरपूर, त्यांनी हात आखडता घेतला. गोदामं तुंबली आणि शेतकऱ्यांनाच झाडं कमी करायला सांगण्यात आलं. कंपनीच्या काळासारखंच, फक्त या वेळी कुऱ्हाड मालकाच्याच हाती. अनेकांनी बागा राखायच्या सोडून दिल्या. १९९८ च्या आर्थिक संकटात आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने घातलेल्या अटींत हे मंडळ मोडण्याची अटही होती. ते गेलं, आणि तुटलेल्या बागांमुळे पुढच्या काही वर्षांत भाव जोरात चढले.

आलेखातले चढउतार याच घडामोडींचे आहेत, त्यात झाडाचा स्वभाव मिसळला आहे. लवंगेची कळी गुलाबी झाली की उमलायच्या आत हाताने खुडावी लागते. बांबूच्या शिड्या उंच झाडांना टेकवून घोस उतरवतात, कळ्या दांड्यांपासून सोडवतात आणि चटयांवर चार-पाच दिवस उन्हात पसरतात. तीन किलो ओल्या कळीची जेमतेम किलोभर लवंग होते. झाड दर तीन-चार वर्षांनी एकदा भरभरून येतं, मग दमतं. भरघोस वर्षी सिगारेट कारखाने पुढच्या सालांसाठी माल भरून ठेवतात. तो साठ्याच्या खात्यात नीट धरला गेला नाही, की कागदावर लोकांचं लवंग खाणं अचानक वाढलेलं दिसतं.

शिवाय ताळेबंदाची पद्धतच मध्ये बदलली आहे. जुनी मालिका २०१३ पर्यंत चालते, नवी २०१० पासून सुरू होते, आणि दोन्ही सरळ जोडता येत नाहीत. सांध्यावर दिसणारी उडी लवंगेची समजू नये.