प्रतिजैविकरोधावरील अर्थसाहाय्यित पीएच.डी. प्रशिक्षण (मराठवाडा)

प्रतिजैविकांना (अँटिबायोटिक औषधांना) दाद न देणाऱ्या रोगजंतूंवर पूर्णवेळ संशोधन करता यावे, यासाठी फेलोशिप, प्रयोगशाळा आणि मार्गदर्शक यांच्या आधाराने होणारे पीएच.डी.चे शिक्षण. सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, औषधनिर्माणशास्त्र, वैद्यक आणि पशुवैद्यक या शाखांतून या विषयाकडे येता येते.

२०१९ मध्ये जगभरात सुमारे १२.७ लाख मृत्यू थेट जिवाणूंच्या औषधरोधामुळे झाल्याचा अंदाज आहे. ताप आला की मेडिकलवरून दोन दिवसांच्या गोळ्या आणायच्या आणि बरे वाटताच उरलेल्या फळीवर ठेवायच्या, ही रोधाला खतपाणी घालणारी सवय मराठवाड्यातही घरोघर आहे. निवडक प्रतिजैविकांच्या विक्रीची नोंद दुकानदाराने वहीत ठेवावी, असा औषध नियमांतील ‘एच-१’ अनुसूचीचा नियम मार्च २०१४ पासून लागू आहे.

औषधाला दाद न देणारा जंतू माणूस, जनावर आणि पाणी असा तिन्हीकडे फिरतो; त्याचा अभ्यास करणाऱ्या संस्था मात्र वेगवेगळ्या विद्यापीठांत विभागलेल्या आहेत. छत्रपती संभाजीनगर (घाटी रुग्णालय), अंबाजोगाई, लातूर आणि नांदेड येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालये नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेली आहेत. परभणी व उदगीरची पशुवैद्यक महाविद्यालये नागपूरच्या पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली येतात. सूक्ष्मजीवशास्त्राचे विभाग छत्रपती संभाजीनगरच्या (स्थापना १९५८) आणि नांदेडच्या (१९९४) विद्यापीठांच्या कक्षेत आहेत. रुग्णाची लघवी, दगडी (कासेचा दाह) झालेल्या म्हशीचे दूध आणि गोदावरीचे पाणी हे तीन नमुने एकाच प्रबंधात आणायचे, तर विद्यार्थ्याला तीन ठिकाणच्या परवानग्या काढत फिरावे लागते. या प्रशिक्षणातली सर्वांत मोठी अडचण हीच आहे.

पैसा मुख्यतः यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) आणि सीएसआयआर, डीबीटी, आयसीएमआर या केंद्राच्या संशोधन यंत्रणा यांच्या फेलोशिपमधून येतो. राज्याच्या बार्टी, सारथी आणि महाज्योती या फेलोशिप देणाऱ्या संस्थांमुळे शेतकरी-मजुरांच्या घरची अनेक मुले-मुली पीएच.डी.पर्यंत पोचली, ही मोठीच गोष्ट आहे. १ जानेवारी २०२३ पासून यूजीसीची कनिष्ठ फेलोशिप दरमहा ३७,००० रुपये, तर वरिष्ठ ४२,००० रुपये आहे, घरभाडे वेगळे. विज्ञान शाखेला किरकोळ खर्चासाठी मात्र पहिली दोन वर्षे वर्षाला १२,००० रुपयेच मिळतात. आगर (जंतू वाढवण्याची जेली), औषधाच्या चकत्या, पीसीआरची (जनुकांच्या प्रती काढून तपासण्याची) रसायने आणि जनुकक्रम वाचून घेण्याचा खर्च त्यात बसत नाही. मार्गदर्शकाकडे चालू प्रकल्प असेल तरच काम पुढे सरकते. विद्यार्थ्याच्या पोटापाण्याची सोय केली आणि प्रयोगाची केली नाही, तर प्रशिक्षण अर्धेच राहते.

२०२२ च्या यूजीसी नियमांनुसार पीएच.डी.ला किमान तीन वर्षे लागतात आणि किमान १२ श्रेयांकांचा कोर्सवर्क करावा लागतो. खरे शिकणे प्लेटवर होते. जंतू पसरलेल्या आगरावर औषधाची चकती ठेवायची, प्लेट रात्रभर ३५ अंशांवर उबवायची आणि सकाळी चकतीभोवतीचे, जंतू न वाढलेले मोकळे वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजायचे. दिसायला सोपे, पण आगराची जाडी बदलली तरी उत्तर बदलते. कोलिस्टिन या प्रतिजैविकासाठी तर ही पद्धत चालतच नाही, कारण ते आगरात नीट पसरत नाही. त्याची किमान रोधक मात्रा (जंतूची वाढ थांबवणारी सर्वांत कमी मात्रा) सहसा द्रव माध्यमात काढावी लागते. माणसासाठी शेवटच्या फळीतले असलेले हेच औषध अन्नासाठी पाळलेल्या जनावरांना देण्यावर भारताने जुलै २०१९ मध्ये बंदी घातली. त्यामुळे पशुवैद्यक शाखेच्या विद्यार्थ्यालाही ही चाचणी अचूक यायलाच हवी. शिवाय वर्षानुवर्षे जमवलेले जंतू उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये जपावे लागतात. वीज गेली की जनरेटरची चिंता विद्यार्थ्यालाच.

ब्रिटनमध्ये २०१८ साली मेडिकल रिसर्च फाउंडेशनच्या निधीतून, ब्रिस्टॉल विद्यापीठाच्या पुढाकाराने याच विषयाचा देशव्यापी पीएच.डी. कार्यक्रम सुरू झाला. त्यात निरनिराळ्या विद्यापीठांचे आणि शाखांचे विद्यार्थी एका गटात शिकले. मराठवाड्यात चारही विद्यापीठांनी मिळून असा गट बांधणे शक्य आहे. नव्या औषधाच्या शोधाची वाटही इथे परकी नाही: नॅफिथ्रोमायसिन हे देशी प्रतिजैविक विकसित करणाऱ्या वोक्हार्ट कंपनीचे संशोधन केंद्र चिकलठाणा एमआयडीसीत आहे.

प्रशिक्षित संशोधकाचा जवळचा उपयोग ‘अँटिबायोग्राम’ तयार करण्यात होतो. कोणत्या जंतूवर कोणते औषध किती टक्के वेळा लागू पडते, याचा हा वार्षिक तक्ता. त्यासाठी प्रत्येक जातीचे किमान ३० नमुने हाताशी असावेत, असा संकेत आहे. जिथे कल्चरची (नमुन्यातला जंतू वाढवून पाहण्याची) सोय नाही, अशा तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरला पहिली गोळी या तक्त्यावरून ठरवता येते.