काकतालीय न्याय

कावळा ताडावर बसला आणि त्याच क्षणी ताडफळ पडले, की फळ कावळ्यानेच पाडले असे पाहणाऱ्याला वाटते. यावरून आलेल्या या संस्कृत न्यायाचे मराठी रूप म्हणजे ‘कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ’. एका वेळी घडलेल्या दोन गोष्टींत पुरावा न तपासता कार्यकारणभाव जोडण्याच्या सवयीला तो नेमका लागू पडतो.

२१ सप्टेंबर १९९५ रोजी देशभर गणपती दूध पीत असल्याची बातमी पसरली. सोंडेला लावलेला चमचा रिकामा होई, हे खरेच होते. पृष्ठताणामुळे दूध चमच्याबाहेर ओढले जाऊन पातळ थराने मूर्तीवरून ओघळत होते. दुधात रंग मिसळताच ओघळ दिसला.

सोपे उत्तर पटते, कारण ते अस्वस्थता लगेच थांबवते. शिवाय आपण पडताळाही आपल्या बाजूनेच घेतो. मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६० मध्ये २-४-६ या आकड्यांमागचा नियम लोकांना ओळखायला सांगितला. ‘दोनाने वाढणारे आकडे’ असा अंदाज बांधून बहुतेकांनी ८-१०-१२ सारखी त्याला जुळणारी उदाहरणेच विचारली. नियम फक्त ‘चढते आकडे’ एवढाच होता. १-२-३ विचारले असते, तरी अंदाज चुकल्याचे कळले असते.

नवी मुंबईत याचे उदाहरण नाकाला कळते. कोपरखैरणे-वाशीकडे थंडीत रात्री रसायनांचा उग्र वास आला, की लोक खिडक्या लावतात आणि म्हणतात, ‘रात्र झाली की कंपन्या गॅस सोडतात.’ तसे होतही असेल. पण वास रात्री आला एवढ्यावरून तो रात्रीच सोडला असे ठरत नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने या वस्त्यांच्या पूर्वेला, पारसिक डोंगराच्या बाजूला आहेत. दिवसा खाडीकडचा वारा धूर डोंगराकडे नेतो. रात्री जमीन निवते, वारा उलटा फिरतो आणि थंड हवेवर उबदार हवेचे झाकण बसल्याने धूर वर जात नाही. उत्सर्जन चोवीस तास सारखेच असले, तरी वास रात्रीच जास्त येईल.

म्हणून डोंगरालगतच्या वस्तीत दुपारी वास येतो का, हे आधी विचारायला हवे. वेळ, वाऱ्याची दिशा आणि हवेची मोजमापे काही आठवडे एका वहीत शेजारी-शेजारी मांडावी लागतात. तशी वही नसेल, तर रहिवाशांची रास्त तक्रारही ‘पुरावा काय?’ म्हणून परत येते आणि दिवसा सुटणारा धूर डोंगराकडच्या लोकांच्या वाट्याला तसाच राहतो.