लाकडी पेला, जलरंग आणि शेळीचा वास: थिओक्रिटसच्या सचित्र आवृत्त्यांची पार्श्वभूमी

प्राचीन ग्रीक कवी थिओक्रिटसच्या पहिल्याच कवितेत एक लाकडी पेला आहे. शेळ्या राखणारा एक गडी थिर्सिस नावाच्या मेंढपाळाला म्हणतो, तू डाफ्निस या दंतकथेतल्या गुराख्याच्या मरणाचं गाणं म्हण, मी तुला हा पेला देईन आणि जुळी पिल्लं असलेली शेळी तीन वेळा पिळू देईन. पेला खोल आहे, दोन कानांचा आहे, त्याला मेण चोपडलेलं आहे आणि कोरणीचा ताजा वास अजून त्याला येतो आहे. शेळी आणि पांढऱ्या चीजचा मोठा गोळा देऊन हा पेला त्याने घेतला होता. मग त्यावरची चित्रं तो एकेक करून सांगतो. एका बाईपायी आपसांत हुज्जत घालणारे दोन पुरुष. खडकावर उभा राहून जाळं ओढणारा म्हातारा कोळी, मानेच्या शिरा ताठ झालेल्या. आणि द्राक्षमळा राखायला कुंपणावर बसवलेला लहान पोरगा. दोन कोल्ह्यांपैकी एक द्राक्षं खात सुटला आहे, दुसऱ्याचा डोळा पोराच्या शिदोरीवर आहे. पोराचं मात्र तिकडे लक्षच नाही. तो काड्या आणि लव्हाळं गुंफून नाकतोड्यांसाठी पिंजरा विणतो आहे आणि त्यात रमून गेला आहे.

मला हा पोरगा या सगळ्या परंपरेतलं सर्वांत चांगलं चित्र वाटतो, आणि तो फक्त शब्दांत आहे. थिओक्रिटसच्या पुस्तकाला चित्रं काढायला जो कुणी बसला, त्याला या पेल्याशेजारी उभं राहावं लागलं. सचित्र आवृत्त्यांचा इतिहास मी त्यामुळे नेहमी याच पेल्यापासून मोजतो.

थिओक्रिटस सिसिलीतल्या सिराक्यूजचा. काळ इ.स.पू. तिसरं शतक. सिराक्यूजचा राजा दुसरा हायेरो याला उद्देशून त्याची एक कविता आहे, इजिप्तचा राजा दुसरा टॉलेमी याची स्तुती करणारी दुसरी आहे. कॉस बेटाशी आणि अलेक्झांड्रियाशी त्याचा संबंध होता. त्याच्या नावावरच्या तीसेक रचनांना ‘इडिल्स’ म्हणतात, पण त्यातल्या साधारण एक तृतीयांशच खऱ्या अर्थाने गुराख्यांच्या आहेत. बाकीच्यांत उत्सवाला निघालेल्या शहरी बायकांच्या गप्पा आहेत, जादूटोणा करणारी प्रेमिका आहे, हेराक्लीसच्या कथा आहेत. ज्याला आपण गोपगीत किंवा गोपकाव्य म्हणतो त्या प्रकाराचा उगम इथे मानतात. त्याच्या मागून आलेले मोस्कस आणि बिऑन हे दोघं कवी पुढे छापील पुस्तकांत बहुतेक वेळा त्याच्या बरोबरच बांधले गेले.

एक गोष्ट आधी नीट सांगायला हवी, कारण पुढची सगळी चित्रं तिच्यावर तोलायची आहेत. थिओक्रिटसचे गुराखी गोडगोड नाहीत. होमरने ज्या षट्पदी छंदात युद्ध गायलं त्याच छंदात हा कवी शेळ्यांच्या राखणदारांना बोलायला लावतो, तेही डोरिक या ग्रीक बोलीत. चौथ्या इडिलमध्ये एकाच्या पायात काटा रुततो आणि सोबती तो काढून देतो. पाचवीत दोघं एकमेकांवर कातडं आणि बासरी चोरल्याचा आळ घेतात, घाणेरडं बोलतात आणि मग गाण्याची चढाओढ लावतात. सातवीत लिसिडास भेटतो, त्याने अंगावर बोकडाचं कातडं घेतलंय आणि दूध फाडायला घालतात त्या ताज्या रेनेटचा वास त्याला येतो. हे लिहिणारा माणूस राजदरबारात वावरणारा, वाचणारे बहुधा शहरातले विद्वान. तरीही वास कवितेत ठेवलेला आहे. माझं म्हणणं एवढंच की या पुस्तकाची सचित्र आवृत्ती चांगली की वाईट, हे या वासाचं चित्रकाराने काय केलं त्यावरून ठरवावं.

छापखाना आला तेव्हा थिओक्रिटस लवकर छापला गेला, पण चित्रांविना. साधारण १४८० साली मिलानमध्ये त्याच्या पहिल्या अठरा इडिल्स जुना ग्रीक कवी हेसिअड याच्या ‘वर्क्स अँड डेज’बरोबर निघाल्या. मग व्हेनिसमध्ये अल्दूस मानुतियूस या मुद्रकाने मोठी आवृत्ती काढली. तिच्यावर फेब्रुवारी १४९५ असं छापलेलं आहे, पण व्हेनिसचं वर्ष १ मार्चला सुरू व्हायचं, म्हणून आपल्या हिशेबाने ते १४९६ धरतात. ग्रीक अक्षरांची दाट पानं, वेलबुट्टीची शीर्षपट्टी, बस्स. ग्रीक वाचणारे थोडे होते आणि ते मजकुरासाठी पैसे देत होते.

त्यातली एक प्रत न्यूरेंबर्गच्या विलिबाल्ड पिर्कहाइमरकडे गेली. हा श्रीमंत घराण्यातला, इटलीत शिकलेला, ग्रीक पुस्तकांचा वेडा माणूस, आणि चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररचा जिवलग मित्र. १५०० सालाच्या आगेमागे ड्यूररने त्या पुस्तकाच्या पहिल्या पानाच्या समासात जलरंगांत एक निसर्गदृश्य काढलं. एक मेंढपाळ तंतुवाद्य वाजवतो आहे, दुसरा बासऱ्यांची जोडणी फुंकतो आहे, भोवती मेंढ्या आणि शेळ्या, सोन्याची हलकी झाक. छापील अक्षरांच्या भोवतीच्या कोऱ्या जागेत हे सगळं बसवलेलं आहे. आज ते पान वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे. ही आवृत्ती म्हणता येणार नाही, कारण तशी प्रत जगात एकच. पण थिओक्रिटस आणि चित्र यांची मोठ्या दर्जाची गाठ इथे पडली, तीसुद्धा एका मित्राने दुसऱ्या मित्रासाठी केलेल्या कामातून.

पुढची तीनशे-साडेतीनशे वर्षं चित्रकारांचं लक्ष थिओक्रिटसकडे फारसं नव्हतं, आणि त्याला कारण व्हर्जिल. या रोमन कवीने इ.स.पू. पहिल्या शतकात थिओक्रिटसचं अनुकरण करून दहा ‘एक्लॉग्ज’ म्हणजे गोपगीतं लिहिली आणि गुराख्यांना आर्केडिया नावाच्या स्वप्नातल्या प्रदेशात नेऊन बसवलं. थिओक्रिटसचे लोक सिसिली, दक्षिण इटली आणि कॉसच्या ओळखीच्या रानांत राहतात. लॅटिन ही युरोपभर शाळेची भाषा होती, त्यामुळे पोरासोरांच्या हाती व्हर्जिल पडला आणि चित्रंही त्यालाच मिळाली. १५०२ साली स्ट्रासबुर्गला ग्र्युनिंगरने छापलेल्या व्हर्जिलमध्ये दोनशेहून जास्त लाकडी ठशांची चित्रं होती. थिओक्रिटस विद्वानांच्या फळीवर राहिला. मेंढपाळाची जी स्वच्छ, फितींनी सजलेली प्रतिमा आपल्या डोळ्यांसमोर येते ती आर्केडियाची आहे, त्याची नाही.

व्हर्जिलच्याच वाटेवर एक अपवाद घडला आणि तो सोडून पुढे जाववत नाही. रॉबर्ट थॉर्नटन नावाच्या डॉक्टरने शाळकरी मुलांसाठी व्हर्जिलची गोपगीतं काढली होती. १८२१ च्या आवृत्तीसाठी त्याने कवी आणि चित्रकार विल्यम ब्लेकला काम दिलं. ब्लेकची तेव्हा साठी उलटलेली होती आणि लाकडावर त्याने आधी कधी कोरलं नव्हतं. अँब्रोज फिलिप्सने केलेल्या पहिल्या एक्लॉगच्या इंग्रजी अनुकरणासाठी त्याने १७ चिमुकले ठसे कोरले. सफाईदार कोरीवकामाची सवय असलेल्या छपाईवाल्यांना ते ओबडधोबड वाटले, काही चित्रं दुसऱ्यांकडून नव्याने कोरून घेतली गेली. टॉमस लॉरेन्ससारख्या चित्रकारांनी बाजू घेतली तेव्हा कुठे बाकीचे वाचले, आणि पानात बसावेत म्हणून त्यांच्या कडा कापल्या गेल्या. थॉर्नटनने वर खुलासाही छापला की यांत कलेपेक्षा प्रतिभा जास्त आहे. पण ब्लेकच्या त्या काळ्या टेकड्या, वाऱ्याने झोपलेलं पीक आणि काठी घेऊन चालणारा एकटा म्हातारा पाहा. तिथे रात्र खरीखुरी थंड आहे. तरुण चित्रकार सॅम्युएल पामर त्या ठशांवर आयुष्यभर जीव टाकून राहिला, आणि त्याने स्वतः केलेलं व्हर्जिलचं भाषांतर त्याच्या एचिंग्जसह (आम्लाने कोरलेल्या धातूच्या पत्र्यांवरून छापलेल्या चित्रांसह) १८८३ साली, त्याच्या मृत्यूनंतर, मुलाने प्रसिद्ध केलं.

फ्रान्समध्ये ग्रीक गोपकथेची जागा लाँगसच्या ‘डाफ्निस आणि क्लोई’ने घेतली. ही गद्य कथा, साधारण दुसऱ्या शतकातली, लेस्बॉस बेटावर घडणारी. जाक आमियोने १५५९ साली ती फ्रेंचमध्ये आणली. राज्यकारभार पाहणाऱ्या फिलिप दॉर्लेआँच्या स्वतःच्या रेखाटनांवरून कोरलेली १७१८ ची आवृत्ती संग्राहकांत प्रसिद्ध आहे. मला ती दिवाणखान्यातली वाटते. १९०२ सालच्या, चित्रकार पिएर बोनारच्या आवृत्तीने मात्र पानच बदलून टाकलं. आंब्र्वाझ व्होलार प्रकाशक, ओग्यूस्त क्लो छापणारा, आणि दीडशेच्या आसपास लिथोग्राफ. आपल्याकडच्या शिळाछाप पोथ्या ज्यांनी हाताळल्या आहेत त्यांना ही पद्धत समजावून सांगायला नको: दगडावर तेलकट खडूने काढायचं, पाणी आणि शाई एकमेकांना टाळतात त्यावर छाप घ्यायचा. कोरायचं नसल्यामुळे हात थांबत नाही. बोनारच्या करड्या, धूसर रेघांत शेळ्या खरंच चरताना दिसतात, ऊन लागल्यासारखं वाटतं.

इंग्रजीत थिओक्रिटसला सामान्य वाचकापर्यंत अँड्र्यू लँगने पोचवलं. १८८० साली मॅकमिलनने छापलेलं त्याचं थिओक्रिटस, बिऑन आणि मोस्कसचं गद्य भाषांतर मुद्दाम जुन्या वळणाच्या इंग्रजीत आहे. हाच मजकूर पुढे सर्वांत नावाजलेल्या सचित्र आवृत्तीत आला: १९२२, लंडनची मेडिसी सोसायटी, रिकार्डी प्रेस, दोन खंड, चित्रं विल्यम रसेल फ्लिंटची. लँग त्याआधी दहा वर्षं वारला होता.

जुन्या पुस्तकांच्या बाजारात ‘थिओक्रिटसची सचित्र प्रत’ म्हटलं की बहुधा हीच डोळ्यांसमोर येते. मेडिसी सोसायटी १९०८ साली निघाली, जुन्या चित्रांच्या चांगल्या रंगीत नकला परवडणाऱ्या दरात देणं हा तिचा मूळ धंदा. तिच्या रिकार्डी प्रेसचा टंक हर्बर्ट हॉर्नने जुन्या फ्लॉरेंटाइन छपाईच्या वळणावर रेखला होता. एडिनबरोचा फ्लिंट आधी ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’साठी चित्रं काढायचा, मग याच प्रेससाठी त्याने मार्कस ऑरेलियस, मॅलरीचा ‘मोर्त दार्थर’, चॉसर असे ग्रंथ केले. थिओक्रिटससाठी वीस रंगीत चित्रं. कागदावरच्या ५०० क्रमांकित प्रती निघाल्या, शिवाय वेलमवर, म्हणजे कमावलेल्या कातड्याच्या पानांवर, अगदी मोजक्या.

फ्लिंटचा जलरंगावरचा हात विलक्षण होता. ओला वॉश नेमका कधी सोडायचा हे त्याला कळत होतं. समुद्राचा निळा, संगमरवरावरची दुपार, पाण्यात पाय सोडून बसलेल्या मुली, हे सगळं पाहून मन खरोखर सुखावतं, आणि १९२२ हे साल लक्षात घेतलं तर त्या सुखाची भूकही कळते. महायुद्ध संपून चार वर्षं झाली होती. पण वास? तो तिथे नाही. कुणाच्या पायात काटा नाही, कातडं मळलेलं नाही. फ्लिंटचं जग व्हर्जिलच्या आर्केडियाच्या जवळ आहे, भाषांतर थिओक्रिटसचं असलं तरी.

यात दोष एकट्या चित्रकाराचा नाही, छपाईच्या तंत्राचाही वाटा आहे. त्या काळच्या रंगीत पुस्तकांत जलरंगाची नक्कल वेगळ्या कागदावर वेगळ्या यंत्रावर छापली जायची आणि मग मजकुराच्या पानांमध्ये बसवायची, वर पातळ कागदाचं संरक्षण. त्यामुळे चित्र हे पाहुण्यासारखं येतं. वाचताना आपण थांबतो, पातळ कागद उचलतो, पाहतो, परत मजकुराकडे जातो. लाकडी ठशाचं तसं नाही. त्याची उंची छपाईच्या खिळ्यांएवढी करता येते, तो अक्षरांसोबत एकाच साच्यात बसतो, तीच शाई, तोच दाब. शब्द आणि चित्र एकत्र जन्मतात.

योगायोग असा की त्याच १९२२ साली डकवर्थ या प्रकाशकाने ‘सिक्स इडिलिया’ काढलं: १५८८ साली ऑक्सफर्डला निनावी छापलेलं सहा इडिल्सचं एलिझाबेथकालीन भाषांतर, सोबत व्हिव्हियन ग्रिबलने लाकडावर कोरलेली चित्रं. फ्लिंटच्या भरजरी खंडांशेजारी हे पुस्तक अंगाने किरकोळ. पण काळ्या-पांढऱ्यातली आकृती, साधी रेघ, खडबडीत जुनं भाषांतर, यांचं आपसांत जमतं. मला निवड करायला सांगितली तर मी हेच उचलेन.

लाकडाची ही वाट सर्वांत लांब माय्योल घेऊन गेला. शिल्पकार आरिस्तिद माय्योल १९०८ साली काउंट हॅरी केसलरबरोबर ग्रीसला गेला होता. त्या ओळखीतून केसलरच्या वायमारमधल्या क्रानाख प्रेसची व्हर्जिलची एक्लॉग्ज घडली, ४३ लाकडी ठशांची. महायुद्ध मध्ये आलं, पुस्तक १९२६ साली बाहेर पडलं. कागदसुद्धा त्याच पुस्तकासाठी हाताने बनवलेला. मजकूर व्हर्जिलचा, पण शरीरं जड, जमिनीला टेकलेली, शेळ्या शेळ्यांसारख्या. पुढे १९३७ साली त्याने ‘डाफ्निस आणि क्लोई’ही केलं.

आणि थिओक्रिटसला ग्रीक प्रकाशक मिळाला तो पॅरिसमध्ये. स्ट्रॅटिस एलेफ्थेरियाडिस, जन्म १८९७, लेस्बॉसवरच्या व्हारिया गावचा. पॅरिसला येऊन त्याने तेरियाद हे नाव घेतलं आणि चित्रकारांकडून पुस्तकं करून घेण्याला आयुष्य वाहिलं. १९४५ साली, युद्ध जेमतेम संपत असताना, त्याने फ्रेंच शिल्पकार आंरी लोराँसच्या लाकडी ठशांसह थिओक्रिटसच्या ‘इडिल्स’ काढल्या. लोराँस क्यूबिस्टांमधला, म्हणजे आकार तोडून भौमितिक तुकड्यांत मांडणाऱ्यांपैकी, त्याच्या गोलाईदार, वळसे घेणाऱ्या आकृती ग्रीक मडक्यावरून उतरल्यासारख्या दिसतात. मग तेरियादने चित्रकार मार्क शागालला लाँगस दिला. शागाल १९५२ आणि १९५४ साली ग्रीस पाहून आला, आणि १९६१ साली ४२ रंगीत लिथोग्राफांचं दोन खंडांचं ‘डाफ्निस आणि क्लोई’ प्रसिद्ध झालं, मूर्लोच्या छापखान्यात छापलेलं. शागालचा निळा आणि पिवळा पाहताना वास आठवत नाही हे खरं, पण तो आर्केडियाही नाही. ते एखाद्याने नुकतंच पहिल्यांदा समुद्र पाहिल्यासारखं आहे.

१९७९ साली व्हारियात, ऑलिव्हच्या झाडांमध्ये, तेरियादच्या पुस्तकांचं संग्रहालय उघडलं. ज्या बेटावर लाँगसने डाफ्निसला शेळ्या राखायला लावलं, त्याच बेटावर शागालची ती पानं आता भिंतींवर लावलेली आहेत.