शाळेसाठी खोटा पत्ता

मुलाला हव्या त्या सरकारी शाळेत घालता यावं म्हणून आपण राहतो तो पत्ता न देता दुसराच देणं, म्हणजे आजोबांचा, मावशीचा, मैत्रिणीचा किंवा नुसता कागदावर भाड्याने घेतलेल्या खोलीचा, याला अमेरिकेत सरकारी भाषेत रेसिडेन्सी फ्रॉड म्हणतात आणि बोलताना डिस्ट्रिक्ट हॉपिंग किंवा बाउंडरी हॉपिंग. ज्यांना यात गुन्हा दिसत नाही ते अ‍ॅड्रेस शेअरिंग असा मवाळ शब्द वापरतात. प्रकार अमेरिकेपुरता नाही, इंग्लंडमध्ये आहे, दक्षिण कोरियात तर त्यावरून मंत्रिपदं अडतात आणि महाराष्ट्रात आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या अ‍ॅडमिशनमध्ये त्याचा सख्खा भाऊ सापडतो. पण मूळ भानगड समजून घ्यायला अमेरिकाच बघावी लागते, कारण तिथे शाळा, घर आणि टॅक्स यांची गाठ इतकी घट्ट बसलीय की एक ओढलं की बाकीचे दोन आपोआप येतात.

एक घोळ आधीच मिटवलेला बरा. आपल्याकडे शाळेच्या नावात पब्लिक स्कूल असलं की फी लाखात समजायची, इंग्लंडमध्येही त्या शब्दाचा जुना अर्थ श्रीमंतांची खासगी शाळा असाच आहे. अमेरिकेत मात्र पब्लिक स्कूल म्हणजे खरोखरची सरकारी, फुकट शाळा. मग फुकट शाळेसाठी कोण कशाला खोटं बोलेल, हा प्रश्न पडतोच, तर उत्तर असं की ती फुकट असते पण फक्त त्या हद्दीत राहणाऱ्यांना, आणि त्या हद्दीत राहणं अजिबात फुकट नसतं.

पत्त्याला एवढी किंमत का

अमेरिकेत साधारण 13,000 स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत, म्हणजे आपला जिल्हा नव्हे, तर सरकारी शाळा चालवणारे स्थानिक विभाग. प्रत्येकाची हद्द वेगळी, बजेट वेगळं, बोर्ड वेगळं. शाळांचा पैसा ढोबळमानाने 45 टक्के स्थानिक, जवळपास तेवढाच राज्याचा आणि उरलेला दहाएक टक्के केंद्राचा असा येतो, आणि स्थानिक पैशातला मोठा वाटा प्रॉपर्टी टॅक्सचा. म्हणजे ज्या भागात घरं महाग तिथल्या शाळेकडे पैसा जास्त, शाळा चांगली म्हणून घरं आणखी महाग, असं ते चक्र. गरीब डिस्ट्रिक्टांना राज्य आणि केंद्र जास्त मदत देतात, त्यामुळे आता सगळीकडे फरक पूर्वीइतका उघडानागडा दिसत नाही, पण नळ स्थानिकच राहिला.

हे कोर्टात जाऊन आलेलं आहे. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ शहरात एजवूड नावाचा गरीब, बहुतांशी मेक्सिकन वस्तीचा डिस्ट्रिक्ट होता आणि त्याच शहरात अ‍ॅलॅमो हाइट्स हा पैसेवाल्यांचा. एजवूडमध्ये दर मुलामागे करपात्र मालमत्ता 5,960 डॉलर, अ‍ॅलॅमो हाइट्समध्ये 49,000 च्या वर. गंमत अशी की एजवूडचे लोक टॅक्स जास्त दराने भरत होते, 100 डॉलरला 1.05, आणि श्रीमंत भागाचा दर 0.85, तरी सगळे पैसे धरून एजवूडच्या वाट्याला मुलामागे 356 डॉलर आणि तिकडे 594. पालकांनी केस केली, ती सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि 1973 मध्ये कोर्टाने 5 विरुद्ध 4 मतांनी सांगितलं की शिक्षण हा केंद्रीय घटनेतला मूलभूत हक्क नाही, ही विषमता घटनाबाह्य नाही. पुढच्याच वर्षी डेट्रॉइटच्या मिलिकन विरुद्ध ब्रॅडली केसमध्ये, पुन्हा 5 विरुद्ध 4, असं ठरलं की शहरातला वर्णभेद मोडायला उपनगरांच्या डिस्ट्रिक्टांना ओढता येणार नाही, त्यांनी स्वतः काही केल्याचं सिद्ध झाल्याशिवाय. या दोन निकालांनी हद्दीची रेघ जवळजवळ भिंत झाली. या सगळ्या विषयाचा पाया माझ्या मते हाच, बाकी डिटेक्टिव्ह आणि खोटी बिलं हे वरचं बांधकाम.

राहण्याची अट घालणं कायदेशीर आहे का, हेही 1983 मध्ये मार्टिनेझ विरुद्ध बायनम या केसमध्ये ठरलं. मुलगा टेक्सासमध्येच जन्मलेला, म्हणजे अमेरिकन नागरिक, आईबाप मेक्सिकोत, तो सीमेच्या अलीकडे मॅकॅलन गावात बहिणीकडे फक्त शाळेसाठी राहायला आला. शाळेने नाही म्हटलं आणि कोर्टाने 8 विरुद्ध 1 ने शाळेची बाजू घेतली. त्याच्या आदल्याच वर्षी याच कोर्टाने प्लायलर विरुद्ध डो मध्ये सांगितलं होतं की कागदपत्रं नसलेल्या परदेशी मुलांनाही शाळा नाकारता येत नाही. दोन्ही निकाल एकमेकांच्या विरोधात वाटतात पण नाहीत, कारण तुम्ही देशात कायदेशीर आहात का हे शाळेने बघायचं नाही, तुम्ही या हद्दीत खरंच राहता का ते बघायचं.

कसं करतात, कसं पकडतात

शाळा सहसा घराची लीज किंवा प्रॉपर्टी टॅक्सची पावती, विजेचं किंवा पाण्याचं बिल आणि ड्रायव्हिंग लायसन्ससारखं काहीतरी मागते. सगळ्यात जुनी युक्ती नातेवाइकाची. आजी हद्दीत राहते, मुलं शाळा सुटल्यावर तिच्याकडेच असतात, मग तिच्या पत्त्यावर नोंद केली तर काय बिघडलं असा विचार, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच घरांत मूल नक्की राहतं कुठे याचं उत्तर घरच्यांनाही एका ओळीत देता येत नाही. आई रात्रपाळीला, बाप वेगळा राहतो, आठवड्यातले चार दिवस आजीकडे. घटस्फोटितांच्या बाबतीत तर दोन्ही पत्ते खरे. दुसरी युक्ती म्हणजे घरमालकाने मेहेरबानी म्हणून लिहून दिलेली लीज किंवा ओळखीच्या माणसाचं नोटरी केलेलं अ‍ॅफिडेव्हिट की हे कुटुंब माझ्या घरात राहतं.

पकडायची सुरुवात बहुतेक वेळा परत आलेल्या टपालाने होते, नाहीतर कोणीतरी चुगली करतं. काही डिस्ट्रिक्टांनी निनावी तक्रारीसाठी टिपलाइन ठेवल्यात, काहींनी कळवणाऱ्याला बक्षीससुद्धा जाहीर केलेलं आहे. त्यानंतर प्रायव्हेट डिटेक्टिव्ह. तो सकाळी सहाला त्या घरासमोर गाडी लावून बसतो, मूल कोणत्या दारातून दप्तर घेऊन बाहेर येतं ते कॅमेऱ्यात घेतो, संध्याकाळी गाडीचा पाठलाग करतो. सात-आठ वर्षांच्या पोरावर पाळत, हे वाचताना विचित्र वाटतं पण तो तिथे रीतसर धंदा आहे.

सापडल्यावर साधारणपणे मुलाचं नाव कमी करतात आणि मागची फी वसूल करायला बघतात. न्यू जर्सीत त्याचा हिशोब कायद्यातच आहे, वर्षाला एका मुलामागे जो खर्च येतो त्याचा 180 वा भाग गुणिले जितके दिवस मूल बसलं तितके दिवस. बहुतेक प्रकरणं इथेच मिटतात. थोडी कोर्टात जातात, आणि जी गाजली त्यात आरोपी कोण होते ते बघण्यासारखं आहे.

ओहायोतल्या अ‍ॅक्रन शहरात केली विल्यम्स-बोलार ही आई सरकारी मदतीच्या घरात दोन मुलींसोबत राहत होती. घरात चोरी झाल्यावर तिने 2006 मध्ये मुलींना शेजारच्या कॉपली-फेअरलॉन डिस्ट्रिक्टमध्ये घातलं, पत्ता दिला तिच्या वडिलांचा, जे खरंच तिथे राहत होते. डिस्ट्रिक्टने डिटेक्टिव्ह लावला, सुमारे 30,000 डॉलर मागितले आणि जानेवारी 2011 मध्ये तिला कागदपत्रांत खोटेपणा केल्याबद्दल दोन फेलनी, म्हणजे गंभीर, गुन्ह्यांत दोषी धरलं गेलं. मोठ्या चोरीच्या आरोपावर ज्यूरीचं एकमत झालं नाही. दहा दिवसांची जेल झाली, त्यातले नऊ तिने काढले. ती शाळेतच सहायक म्हणून काम करत होती आणि शिक्षिका व्हायचा अभ्यास करत होती, फेलनीचा शिक्का बसला की शिक्षकाचं लायसन्स अवघड, त्यामुळे देशभर बोंब झाली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गव्हर्नर जॉन केसिक यांनी पॅरोल बोर्डाची शिफारस बाजूला ठेवून गुन्हे किरकोळ स्वरूपाचे करून टाकले.

त्याच 2011 च्या एप्रिलमध्ये कनेक्टिकटमध्ये टान्या मॅकडॉवेल हिला अटक झाली. तिला घरच नव्हतं, शेवटचा पत्ता ब्रिजपोर्टचा, मुलाला नॉर्वॉकच्या बालवाडीत घालताना तिने सांभाळणाऱ्या बाईचा पत्ता दिला. आरोप काय, तर 15,686 डॉलर किमतीच्या शिक्षणाची चोरी. सांभाळणाऱ्या बाईला सरकारी घरातून बाहेर काढलं. पुढे मॅकडॉवेलला पाच वर्षांची शिक्षा झाली, पण शाळेसाठी पाच वर्षं असं जे सांगतात ते अर्धवट आहे, तिच्यावर ड्रग्ज विकल्याचे वेगळे गुन्हे होते आणि शिक्षा एकत्र सुनावली होती. तरी शिक्षणाची चोरी हा शब्दप्रयोग लोकांना खुपला आणि 2013 मध्ये कनेक्टिकटने कायदा बदलून हा प्रकार चोरीच्या व्याख्येतून काढला.

यात एक कडू भाग असा की बेघर मुलांसाठी 1987 पासून मॅकिनी-व्हेंटो नावाचा केंद्रीय कायदा आहे. घर गेलेलं मूल आधीच्याच शाळेत राहू शकतं, नवीन शाळेत पत्त्याच्या पुराव्याशिवाय लगेच प्रवेश मिळतो, आणि दुसऱ्याच्या घरी नाइलाजाने दाटीवाटीने राहणारेसुद्धा यात येतात. पण ज्याला हे माहीत नाही तो भीतीने खोटा पत्ता देतो, म्हणजे खरं सांगून जे मिळालं असतं त्यासाठी खोटं बोलून अडकतो.

2014 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरिंडा या श्रीमंत गावात सात वर्षांच्या मुलीला डिटेक्टिव्हच्या रिपोर्टवरून शाळेतून काढलं होतं. तिची आई तिथल्याच एका घरात राहून मूल सांभाळायचं काम करत होती. पेपरात आल्यावर डिस्ट्रिक्टने माघार घेतली. उलट दिशेचं उदाहरण वॉशिंग्टन डीसीचं. तिथल्या ड्यूक एलिंग्टन या कलाशाळेत मुलं उपनगरातून, दुसऱ्या राज्यातून शहरात येत असल्याचा संशय होता, 2018 मध्ये 160 पेक्षा जास्त मुलांवर बोट ठेवलं गेलं, म्हणजे शाळेचा जवळजवळ तीस टक्के पट, आणि नंतर त्यातल्या बऱ्याच जणांचे पत्ते खरे निघाले. सुक्याबरोबर ओलंही जळतं ते असं.

ज्यांना खोटं बोलावं लागत नाही

पैसेवाला माणूस हेच काम कायद्यात बसवून करतो. घर शोधायच्या वेबसाइटवर प्रत्येक घराखाली शाळेला दहापैकी किती मार्क ते दिसतं. 1999 मध्ये बॉस्टनच्या उपनगरांवर एक अभ्यास झाला, शाळेच्या हद्दीच्या अलीकडची आणि पलीकडची सारखीच घरं तपासली तर टेस्ट स्कोअर 5 टक्के जास्त असलेल्या बाजूला लोक दोन-अडीच टक्के जास्त किंमत मोजत होते. क्युपर्टिनो, फ्रीमाँट, एडिसन इथल्या मराठी घरांत हा विषय नवा नाही, मुलगा पाचवीत गेला की मोठं घर सोडून चांगल्या शाळेच्या हद्दीतल्या दोन खोल्यांत येणारे पुष्कळ. ते खरंच राहायला येतात म्हणून तो गुन्हा नाही. एक आई लीज विकत घेते, दुसरी वडिलांचा पत्ता लिहिते, हेतू एकच.

मधला रस्ताही आहे. मिनेसोटाने 1988 मध्ये राज्यभर ओपन एनरोलमेंट आणलं, म्हणजे जागा असेल तर दुसऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये उघडपणे अर्ज करा, आणि मग बऱ्याच राज्यांनी कुठल्या ना कुठल्या रूपात ते उचललं. मेख जागा असेल तर या शब्दांत. चांगल्या डिस्ट्रिक्टमध्ये जागा शिल्लक असतेच असं नाही.

इंग्लंड, कोरिया

इंग्लंडमध्ये हद्दीला कॅचमेंट एरिया म्हणतात. 2008 मध्ये पूल शहराच्या कौन्सिलने एका कुटुंबावर सुमारे तीन आठवडे गुप्त पाळत ठेवली, तीही अशा कायद्याखाली जो लोकांना दहशतवाद आणि मोठ्या गुन्ह्यांसाठी म्हणून माहीत होता. कुटुंब खरं बोलत होतं. 2010 मध्ये ट्रायब्युनलने पाळत बेकायदा ठरवली आणि 2012 च्या कायद्याने कौन्सिलांना असल्या पाळतीसाठी मॅजिस्ट्रेटची परवानगी बंधनकारक झाली. लंडनच्या हॅरोमध्ये 2009 मध्ये एका आईवर फ्रॉड अ‍ॅक्ट लावला होता पण तो इथे लागू होतो का याचीच खात्री नसल्याने केस मागे घेतली.

कोरियात याला विजांग जोनिप असा स्वतंत्र शब्द आहे, खोटी निवासनोंदणी, आणि तो कायद्याने गुन्हा आहे. मंत्रिपदाच्या सुनावणीत हा प्रश्न ठरलेलाच. राष्ट्राध्यक्ष झालेल्या मून जे-इन यांनी असं करणाऱ्यांना पदं देणार नाही म्हणून सांगितलं होतं आणि 2017 मध्ये निवडलेल्या परराष्ट्रमंत्री कांग क्युंग-ह्वा यांनीच मुलीच्या शाळेसाठी ते केलेलं निघालं. मंत्रिपद मिळालं ते मिळालंच, नियम मात्र नंतर सैल करावा लागला.

महाराष्ट्रात

झेडपीच्या किंवा महापालिकेच्या शाळेसाठी आपल्याकडे सहसा कोणी पत्ता खोटा देत नाही. इथे खेळ होतो तो आरटीईच्या 25 टक्के जागांवर, म्हणजे शाळा खासगी पण त्या जागांची फी सरकार भरतं. ऑनलाइन अर्जात पालकाने गुगल मॅपवर घराच्या जागी बलून ठेवायचा, मग अंतर मोजलं जातं, एक किलोमीटरच्या आतले आधी, मग तीनपर्यंतचे, आणि अर्ज जास्त आले की लॉटरी. बलून थोडा सरकला की नामांकित शाळा एक किलोमीटरच्या आत येते. म्हणून पडताळणी समिती कागदाशी पत्ता जुळवते, भाडेकरार दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला, अर्ज सुरू व्हायच्या आधीच्या तारखेचा आणि किमान 11 महिन्यांचा मागते, आणि त्या पत्त्यावर राहत नसल्याचं आढळलं तर फौजदारी गुन्हा असं सूचनांमध्ये छापलेलं असतं. नागपुरात 2024 मध्ये बनावट कागदपत्रांवरून पालकांवर गुन्हे दाखलही झाले.

अडचण नोंदणीकृत करारातच आहे. चाळीतला किंवा झोपडपट्टीतला घरमालक करार रजिस्टर करून देत नाही, कधी त्याचे स्वतःचेच कागद धड नसतात, कधी भाडेकरू हक्क सांगेल ही भीती. त्यामुळे शाळेपासून दोन गल्ल्यांवर पाच वर्षं राहणारा माणूस पुराव्याशिवाय बसतो आणि मग गावाकडच्या आधारचा पत्ता बदलायला, नाहीतर ओळखीच्या कोणाच्या घराचा करार जोडायला एजंटकडे जातो.