इन्व्हर्टर असूनही पीसी रिस्टार्ट होतो? इन्व्हर्टर आणि यूपीएसमधला खरा फरक

दर उन्हाळ्यात तोच प्रश्न येतो. घरात इन्व्हर्टर आहे, १५० एएचची बॅटरी आहे, पंखे चार-चार तास चालतेत, मग लाईट गेली की पीसी रिस्टार्ट का होतो? आणि त्याला उत्तरंही तीच ठरलेली, कुणी म्हणतं बॅटरी मोठी बसवा, कुणी म्हणतं विंडोज नवीन मारा, कुणी म्हणतं इन्व्हर्टर आणि यूपीएस एकच असतंय, दुकानदार उगाच दोन वस्तू गळ्यात मारायलेत. एकच नसतंय. आणि बॅटरी कितीबी मोठी बसवली तरी हा प्रॉब्लेम सुटत नसतो, कारण तो बॅटरीचा नाहीच.

इन्व्हर्टर काय असतो हे मराठवाड्यात कुणाला शिकवायची गरज नाही. २००५ नंतरची काही वर्षं ज्या लोडशेडिंगमध्ये काढली त्यानं बॅटरीत डिस्टिल वॉटर कधी टाकायचं हे पोराटोरांनाही पाठ झालंय. त्यामुळं ते सोडून देतो.

यूपीएस म्हणजे टेबलाखाली ठेवायचा तो काळा डबा. घरगुती ६०० व्हीएच्या डब्यात १२ व्होल्ट ७ एएचची एक छोटी सीलबंद बॅटरी असते, म्हणजे हिशेबानं ८४ वॅट-तास, आणि इन्व्हर्टरच्या १५० एएच बॅटरीत १८०० वॅट-तास. तुलनाच नाही. साधा पीसी आणि मॉनिटर मिळून यूपीएसवर दहा-पंधरा मिनिटं चालला तरी त्यानं त्याचं काम चोख केलं. फाईल सेव्ह करा, टॅली बंद करा, शटडाऊन मारा, एवढ्यासाठीच तो असतो. "पंधरा मिनिटांत मेला, फालतू माल" असे रिव्ह्यू वाचले की वाईट वाटतं, वस्तू चांगली आणि अपेक्षाच चुकीची.

आता मुद्द्याचं. लाईट गेली आणि बॅटरीवरून सप्लाय सुरू झाला, या दोन्हींच्या मधे एक फट असते. इन्व्हर्टरमधला रिले (आपोआप पलटणारा स्विच) मेनवरून बॅटरीवर पलटी मारतो त्याला वेळ लागतो, साध्या मोडमधी ३०-४० मिलिसेकंद आरामात जातेत, कधी जास्तबी. पंख्याला ते कळतसुद्धा नाही, ट्यूब फार तर एकदा लुकलुकते. पीसीचं तसं नाही. आपली लाईन ५० हर्ट्झची, म्हणजे एक सायकल २० मिलिसेकंदाची, आणि चांगल्या एसएमपीएसकडून (पीसीच्या आतला पॉवर सप्लाय) अपेक्षा असते की लाईन गेल्यावर आतल्या कपॅसिटरवर (वीज क्षणभर साठवणारा भाग) त्यानं पूर्ण लोडवर १६-१७ मिलिसेकंद तग धरावा. १६ ची ताकद आणि ४० ची फट, पीसी बहुतेक पडणारच. यूपीएसचा चेंजओव्हर साधारण ४ ते १० मिलिसेकंदात होतो, म्हणून तिथं पीसीला पत्ता लागत नाही. सगळा खेळ एवढाच, बॅकअप किती तास आहे याचा इथं काहीएक संबंध नाही.

पण लोक पुढं म्हणतेत, "दुपारी लाईट जाते तेव्हा पीसी टिकतो, संध्याकाळी गेली की पडतो, मग हे कसं?" आणि हे अगदी खरं आहे, आपल्याकडं तर फारच खरं. रब्बीत एकाच डीपीवर (गावातला ट्रान्सफॉर्मर) सगळ्यांच्या मोटारी चालू झाल्या की घरातली लाईट डिम होते, १७० व्होल्टवर येते, कधी त्याच्याही खाली. स्वस्तातल्या एसएमपीएसमध्ये कपॅसिटर लाईनच्या व्होल्टेजवरच भरतो, आणि त्यात साठलेली ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. २३० च्या जागी १७० आलं तर शिल्लक राहते जेमतेम निम्मी. म्हणजे दुपारी जो एसएमपीएस कसाबसा तग धरत होता तो संध्याकाळी आधीच अर्धा रिकामा असतो, त्यात लाईट गेली की खेळ खलास. त्यातून आपल्या ४२-४३ डिग्रीत दोन-तीन उन्हाळे काढलेले कपॅसिटर वाळत जातेत, म्हणून "आधी होत नव्हतं, आताच व्हायलंय" हीपण तक्रार बरोबरच असते.

यावर इन्व्हर्टरवाले सांगतेत की मागं बटण आहे, ते यूपीएस मोडवर करा. बरोबर आहे, कराच, फट १० मिलिसेकंदाच्या आसपास येते. पण ते बटण फक्त वेळ कमी करत नाही हे कुणी सांगत नाही. ते व्होल्टेजची चाळणीसुद्धा बारीक करतं. साध्या मोडमधी इन्व्हर्टर शंभर-सव्वाशे व्होल्टपासून पार २९० पर्यंत जे येईल ते तसंच आत सोडतो, यूपीएस मोडमधी साधारण १८० ते २६० च्या बाहेर गेलं की लाईन कट आणि बॅटरी चालू. आता आपल्या संध्याकाळी १७० व्होल्ट असले तर काय होणार? खांबावर लाईट आहे, शेजाऱ्याचा टीव्ही चालू आहे, आणि तुमचा इन्व्हर्टर बॅटरी खायलाय. दोन-तीन तास असंच चाललं आणि मग खरंच लाईट गेली की बॅटरी रिकामी. मग लोक म्हणणार बॅटरी खराब निघाली! बॅटरी धडधाकट आहे हो, मोड आणि लाईन यांचं जमत नाही.

आणि इथंच यूपीएस वेगळा निघतो. लाईन इंटरॅक्टिव्ह यूपीएसमध्ये एव्हीआर असतो, म्हणजे व्होल्टेज कमी आलं तर तो बॅटरीला हात न लावता ट्रान्सफॉर्मरच्या टॅपवरून वर उचलतो. बहुतेक मॉडेल १४०-१४५ व्होल्टपर्यंत असं सांभाळून घेतेत. साधा घरगुती इन्व्हर्टर व्होल्टेज उचलत नाही, तो एकतर जे आलं ते पुढं ढकलतो नाहीतर बॅटरीवर जातो. माझ्या मते मराठवाड्यातल्या माणसानं पीसीसाठी यूपीएस घ्यायचं हेच सगळ्यात मोठं कारण आहे, लाईट जाण्यापेक्षा डिम येणं आपल्याला जास्त छळतंय. घेताना खोक्यावर लाईन इंटरॅक्टिव्ह आणि एव्हीआर हे दोन्ही वाचूनच घ्या.

मग दोन्हीपैकी काय? माझं ठाम मत, दोन्ही, आणि या क्रमानं: आधी साईन वेव्ह इन्व्हर्टर (मेनसारखी गुळगुळीत लहर देणारा), त्याच्या लाईनवर छोटा यूपीएस, त्यावर पीसी. इन्व्हर्टर साध्या मोडवर ठेवा, त्याची ३०-४० मिलिसेकंदाची फट यूपीएस भरून काढेल, डिम लाईन एव्हीआर सांभाळेल आणि तास इन्व्हर्टर पुरवेल. फक्त जुना स्क्वेअर वेव्ह (चौकोनी लहर देणारा) इन्व्हर्टर असेल तर ही जोडी लावू नका. बऱ्याच यूपीएसना ती वेव्ह पटत नाही, इन्व्हर्टर चालू असूनही ते लाईट नाही असं समजून टीं टीं करत स्वतःची बॅटरी संपवतेत आणि पंधरा मिनिटांनी पीसी बंद.

व्हीए आणि वॅटचा गोंधळ थोडक्यात: ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नाही, साधारण ३६० वॅट. ऑफिसकामाचा पीसी, मॉनिटर आणि राऊटर मिळून दीडशेच्या आसपास जातेत, ६०० व्हीए पुरतो. मोठं ग्राफिक्स कार्ड असेल तर १ केव्हीएच्या (१००० व्हीए) खाली बघूच नका, आणि एसएमपीएस अॅक्टिव्ह पीएफसीवाला (लाईनमधून करंट सुरळीत ओढणारा) असेल तर यूपीएसही साईन वेव्हचाच घेतलेला बरा. ऑनलाइन यूपीएसला फट शून्य असते पण फॅनचा आवाज आणि गरमी चोवीस तास, घरी नको. लॅपटॉप असेल तर यूपीएस घेऊच नका, बॅटरी त्यातच आहे, राऊटरसाठी १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस घ्या आणि मोकळे व्हा.

लेझर प्रिंटर यूपीएसवर कृपा करून लावू नका. त्याचा हीटर एका झटक्यात कित्येकशे वॅट ओढतो आणि यूपीएस ओव्हरलोडला जातो, प्रिंटर थेट भिंतीच्या बोर्डावर.

टेस्ट करायची तर यूपीएस आधी सात-आठ तास चार्ज होऊ द्या, मग एमसीबी पाडून बघा, प्लग उपसून नाही, प्लग काढला की अर्थिंगपण जातं. आणि डबा पत्र्याच्या भिंतीला, खिडकीच्या उन्हात ठेवू नका. सीलबंद बॅटरीचं आयुष्य २५ डिग्री धरून सांगितलेलं असतं, त्यावर दर १० डिग्रीला ते साधारण निम्मं होतं, म्हणून आपल्याकडं दोन-तीन वर्षांत बॅटरी बदलायची तयारी ठेवा. बॅटरी तेवढी बदलून मिळते, अख्खा डबा भंगारात घालायचं काही कारण नाही.