थायरॉईड आणि आयोडीनची अडवलेली वाट

‘घरात आयोडीनचं मीठ असतानाही थायरॉईड कसा झाला?’ पुण्यातल्या दवाखान्यांत टीएसएचचा (थायरॉईडच्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट हातात पडला की हा प्रश्न हमखास येतो. बहुतेकांच्या बाबतीत शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटलेली असते. पण आणखी एका कारणाचा, म्हणजे आयोडीनची वाट अडवणाऱ्या रसायनांचा, इतिहास जवळपास शंभर वर्षांचा आहे आणि त्याबद्दल आपण फारच कमी बोलतो.

आपल्याकडे चर्चा होत आली ती कमतरतेची. १९५६ पासून हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात वैद्यकीय संशोधक डॉ. रामलिंगस्वामी यांच्या चमूने आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग केला, १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. मीठ घरोघर पोचलं, हे मोठंच काम. मात्र थायरॉईड ग्रंथी ज्यापासून हार्मोन बनवते, ते पोटात गेलेलं आयोडीन तिच्यापर्यंत पोचतंच, असं नाही.

याचा सुगावा १९२८ मध्ये सशांमुळे लागला. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सिफिलिसच्या अभ्यासासाठी ठेवलेल्या सशांना गलगंड होऊ लागला. त्यांचा मुख्य चारा होता कोबी. (आठवड्यातून एकदा होणारी कोबीची भाजी सोडायचं कारण नाही, त्या सशांना रोज जवळपास फक्त कोबीच मिळायचा.) पुढे १९३०च्या दशकात रक्तदाबासाठी थायोसायनेट (कोबी खाल्ल्यावरही शरीरात तयार होणारं रसायन) औषध म्हणून घेणाऱ्या काही रुग्णांचीही ग्रंथी वाढली. थायोसायनेट, नायट्रेट आणि परक्लोरेट हे तिघेही ग्रंथीत आयोडीन ओढून घेणाऱ्या पंपावर आयोडीनची जागा अडवतात. त्यांत परक्लोरेट सर्वांत जोरकस. इतकं, की १९५०च्या दशकात अतिसक्रिय थायरॉईडवर ते औषध म्हणून देत. रक्तपेशी बनणंच थांबून काही रुग्ण दगावले, तेव्हा वापर आटला. १९९७ मध्ये तेच परक्लोरेट कॅलिफोर्नियाच्या पिण्याच्या पाण्यात सापडलं. ते रॉकेटच्या इंधनातून आलं होतं.

ते फटाक्यांतही असतं. ओक्लाहोमातल्या एका तलावावर आतषबाजी झाल्यावर चौदा तासांत पाण्यातलं परक्लोरेट किमान चोवीस पटींनी वाढलेलं आढळलं. हे वाचल्यापासून नदीकाठी आणि विहिरींजवळ फुटणाऱ्या फटाक्यांकडे मी फक्त धूर आणि आवाज म्हणून पाहू शकत नाही. थायोसायनेट सिगारेटच्या धुरातून येतं, नायट्रेट खतांतून आणि सांडपाण्यातून भूजलात झिरपतं. पीसीबीसारखी (जुन्या विद्युत उपकरणांच्या तेलातली) रसायनं वेगळ्याच वाटेने जातात: ती रक्तात हार्मोन वाहून नेणाऱ्या प्रथिनाला चिकटतात.

आयोडीन पुरेसं असेल तर धोका बराच कमी होतो. सर्वाधिक जपायचं ते गर्भवतीला, कारण पहिले काही महिने बाळाला आईच्याच हार्मोनवर अवलंबून राहावं लागतं. उपनगरांतल्या ज्या सोसायट्या बोअर किंवा टँकरवर आहेत, त्यांनी पाण्याच्या तपासणीत टीडीएसबरोबर (विरघळलेल्या क्षारांबरोबर) नायट्रेटही मागून घ्यावं. भारतीय मानकानुसार त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे.